रॅम बसवली ८ जीबी, वापरात ३.४७! तुमची कुठे गेली होती?

काल भावाच्या कॉम्प्युटरमध्ये ४ जीबीची दुसरी पट्टी टाकली. सिस्टिमची माहिती उघडून बघतो तर बसवलेली ८, वापरण्याजोगी ३.४७. म्हटलं, पट्टीच खराब निघाली. अदलाबदल केली, स्लॉट साफ केले, आकडा ढिम्म हलेना. शेवटी त्याच पानावर खाली नजर गेली: ३२-बिट विंडोज. म्हणजे रॅममधल्या प्रत्येक बाइटच्या जागेला ते ३२ बिटांचा (० किंवा १) पत्ता देतं. असे पत्ते २ चा ३२वा घात इतकेच, म्हणजे ४ जीबी, त्यापलीकडचे पत्ते या विंडोजला वापरताच येत नाहीत. त्यातलेही वरचे पत्ते ग्राफिक्स कार्ड वगैरे मंडळींनी आधीच अडवलेले. पट्टी बिचारी निर्दोष होती! तुमचेही किस्से येऊ द्या.

—

माझ्या लॅपटॉपला १६ पैकी १३.९ दिसायची. टास्क मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' समोर २.१ जीबी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) २ जीबी रॅम ग्राफिक्सला तोडून दिलेली. ती ५१२ एमबी केली, आकडा वाढला, मी खूश. मग गेम अडखळायला लागला. गुपचूप परत २ जीबी केली.

—

आमचा निव्वळ गाढवपणा. 'स्पीड वाढतो' असं कुणीतरी सांगितलं म्हणून एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवणारं साधन) बूटखाली 'मॅक्सिमम मेमरी'वर टिक केली होती. ती कमाल मर्यादा असते हो, वाढ नव्हे! पुढे रॅम वाढवली तरी जुनाच आकडा. टिक काढून रीस्टार्ट, संपलं.

—

विंडोज ७ होम प्रीमियम, ६४-बिट, २४ जीबी. वापरात १६. त्या आवृत्तीची मर्यादाच तेवढी.

—

माझी गोष्ट जरा लांबली. प्रोसेसरचा पंखा बदलला आणि ३२ची १६ झाली. पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबरने घासले, एकेक पट्टी प्रत्येक स्लॉटमध्ये लावून पाहिली. चारही चांगल्या, पण दोन स्लॉट मेलेले. मदरबोर्ड गेला असंच धरून चाललो होतो. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर हल्ली प्रोसेसरच्या आत असतो हे उशिरा डोक्यात आलं. प्रोसेसर उचलून टॉर्च तिरका धरला, तर सॉकेटच्या कडेची एक पिन शेजारणीवर रेललेली. पंखा बदलताना प्रोसेसरही उचलला होता, तेव्हाचाच प्रताप. सुईने सरळ करताना श्वास रोखून धरला होता.

—

लिनक्सवाल्यांनी 'फ्री'खालचा आकडा बघून घाबरू नये, बरीचशी रॅम कॅशला (फाइल्स पटकन मिळाव्यात म्हणून तात्पुरत्या साठवणीला) दिलेली असते, लागली की परत मिळते. 'अव्हेलेबल' बघा. मी दोन दिवस उगाच मेमरी लीक, म्हणजे रॅम घेऊन परत न देणारा प्रोग्रॅम, शोधत होतो.

—

धागाकर्ता परत: प्रोसेसर ६४-बिट होता, म्हणून विंडोजही ६४-बिट टाकलं. आता ७.८९. भावाचा जुना प्रिंटर मात्र रुसलाय, त्याचा ६४-बिट ड्रायव्हरच नाही. कुणाकडे उपाय?