कळंगुटला पंचायत, सांग्याला पालिका: गोव्यातल्या हद्दी नव्याने आखायच्या का?

मांडवीकाठ
2011च्या जनगणनेनुसार कळंगुटची लोकसंख्या 13,810. तिथे पंचायत, 11 पंच. सांगे शहर साडेसहा हजारांच्या आतले, तिथे नगरपालिका. पणजी 40,017 लोकांची, तिथे महानगरपालिका. मुरगाव 94 हजारांच्या पुढे, ते मात्र नगरपालिकाच. महाराष्ट्रात महानगरपालिकेला किमान तीन लाख लोकसंख्या लागते. आपण 2002 साली राजधानीसाठी वेगळा कायदाच करून टाकला.
माझे म्हणणे सरळ आहे. किनाऱ्यावरच्या मोठ्या पंचायतींना पालिका करा आणि दोन-अडीच हजारांच्या पंचायती शेजारच्या गावात विलीन करा. 14.58 लाखांच्या राज्याला 191 पंचायती कशाला? केरळात एकेक ग्रामपंचायत पंचवीस-तीस हजारांची असते, आणि तिथला कारभार आपल्यापेक्षा बरा चालतो.

सत्तरीकर
केरळात वस्ती सलग आहे हो. काणकोण तालुक्यातले खोतीगाव बघा. अभयारण्यच 86 चौरस किलोमीटरचे, आणि वाडे जंगलात विखुरलेले. लोकसंख्येच्या अटीवर ही पंचायत दुसरीकडे जोडली, तर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माणसाचा आख्खा दिवस जाणार. आपल्या ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरात रविवारी भरतात. रविवारी आतल्या वाड्यांना बस किती असतात, ते काणकोणात कुणालाही विचारा. सभेचे ठिकाण लांब गेले की आतल्या वाड्यांवरून कुणी येत नाही. मग ठराव रस्त्याकाठचे लोकच घेतात.

घरपट्टी
दोघेही लोकसंख्येचा एकूण आकडा धरून बसलात. एका प्रतिनिधीमागे माणसे किती, ते मोजा. कळंगुटात पंचामागे सुमारे 1,255. पणजीत 30 नगरसेवक, म्हणजे एकामागे 1,334. मुरगावात 25, एकामागे पावणेचार हजार. सांग्यात 10, एकामागे साडेसहाशेही नाहीत. मुरगावच्या मतदाराचे वजन सांग्यातल्या मतदाराच्या एक षष्ठांशाच्या आसपास भरते. पंचायतीत 5, 7, 9, 11 अशी पंचांची शिडी आहे आणि ती आठ हजारांच्या वर 11वर थांबते. गाव पुढे कितीही वाढले तरी बारावा पंच नाही. आधी ही शिडी वाढवा. पालिका करायची गरज नंतर बघू.

मांडवीकाठ
पंच वाढवून कचरा उचलला जात नाही.

घरपट्टी
बरोबर, पण पालिका केल्यानेही जात नाही. कचरा करणारे हॉटेलातले पाहुणे जनगणनेत मोजलेच जात नाहीत. अनुदान आणि प्रभाग दोन्ही डोक्यांवर ठरतात, टँकर आणि ट्रक मात्र खोल्यांवर लागतात. ओला कचरा सालिगावच्या प्रक्रिया प्रकल्पात जातो, तो प्रश्न निदान मार्गी लागला. सुका कचरा वेगळा करायची शेड कुठे बांधायची, तिथे घोडे अडते. पंचायतीची स्वतःची जमीन बहुतेक ठिकाणी नसते. ती कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक जमीन-संस्थेची. कोमुनिदादीची हद्द पंचायतीच्या हद्दीशी जुळेलच असे नाही. शेजारच्या दोन पंचायतींनी मिळून एक शेड केली तर गाडी निदान भरून तरी जाते. त्यासाठी विलीनीकरण कशाला? करार पुरतो.

चौथा शनिवार
मुद्दा भलतीकडे चालला आहे. पालिका झाली की ग्रामसभा संपते, ही गोष्ट कुणी बोलत नाही. गावात एखादा मेगा प्रकल्प आला तर ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला जाब विचारता येतो. ठराव बंधनकारक असो वा नसो, तो इतिवृत्तात राहतो आणि पुढे कोर्टात उपयोगी पडतो. पालिकेत नागरिक प्रेक्षक. बार्देश-सासष्टी तालुक्यांत पालिकेला विरोध होतो तो निव्वळ घरपट्टीच्या भीतीने, हा समज वरवरचा आहे.
जनगणनेप्रमाणे गोवा 62 टक्के शहरी, पण पालिका व महानगरपालिका मिळून 14 शहरांत चारेक लाखच लोक. दहा लाखांहून जास्त माणसे पंचायतीत राहतात. त्यातली अनेक गावे जनगणनेच्या कागदावर शहरे आहेत: पाच हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला 400 माणसे, तीन चतुर्थांश कामकरी पुरुष शेतीबाहेर. हे निकष मोजणीपुरते. राज्यघटनेच्या 243क्यू कलमात घनता, महसूल, बिगरशेती रोजगार हे सगळे धरून राज्यपालांनी ठरवायचे असते, आणि त्यात नगर पंचायत हा मधला प्रकारही आहे. आपल्याकडे त्याचा विचारच होत नाही.

सत्तरीकर
मधल्या पातळीवरून आठवले. वीस लाखांच्या आतल्या राज्याला तालुका पंचायत नाही केली तरी चालते. आपण केली नाही. जिल्हा पंचायतीच्या 50 जागा आहेत, पण शाळा, आरोग्य यातले फारसे काही त्यांच्या हाती नाही. मग दोन गावांमधल्या नाल्याचा प्रश्न जातो कुठे? आमदाराकडे. 40 मतदारसंघ, एकामागे छत्तीस हजार माणसे. तालुका सदस्याचे काम आमदार करतो, आणि पंचायती त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. पंचायती मोठ्या करा म्हणणाऱ्यांनी आधी एकाच सचिवाकडे दोन-दोन पंचायती का असतात, ते विचारावे.

मांडवीकाठ
सचिव कमी आहेत, म्हणूनच तर संख्या कमी करा म्हणतो. खोतीगाव, धारबांदोड्याकडच्या डोंगराळ पंचायती वगळा, माझी हरकत नाही. ताळगाव तर पणजीला चिकटलेले आहे. त्याच्यासाठी अंतराचे कारण सांगू नका.

चौथा शनिवार
ताळगावबद्दल वाद करता येईल, पण आत्ता काही होणार नाही. जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी 1 जानेवारी 2026पासून 31 मार्च 2027पर्यंत गोठवलेल्या आहेत. बहुतेक पंचायतींची निवडणूक 10 ऑगस्ट 2022ला झाली होती, म्हणजे मुदत 2027च्या पावसाळ्यात संपते. मसुदा अधिसूचना, हरकती, सुनावणी, अंतिम अधिसूचना, मग प्रभागरचना आणि आरक्षण. हद्दी खुल्या झाल्यावर उरलेल्या चार महिन्यांत हे बसत नाही. नवे आकडे तोवर हाती आले नाहीत, तर पुन्हा 2011च्याच लोकसंख्येवर मतदान.

घरपट्टी
मग शिडीची दुरुस्ती तेवढी विधानसभेत आणता येईल. तिला हद्दीला हात लावावा लागत नाही.