राणीबागेतले पुतळे बागेतच राहावेत का?

झाडपाला:
भायखळ्याच्या राणीबागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात जुने पुतळे उभे आहेत. काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड, सिंहासनावरची व्हिक्टोरिया, आणखीही काही. साठच्या दशकात शहरातल्या चौकांतून काढून ते इथे आणले. माझं मत स्पष्ट आहे. हे वनस्पती उद्यान आहे. शिवडीची बाग युरोपीय दफनभूमीसाठी गेली म्हणून अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीने ही बाग उभारली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. चौकात जे नकोसं झालं ते झाडांच्या वाट्याच्या जागेत कशाला? ज्यांना त्यांचा अभ्यास करायचा आहे त्यांच्यासाठी शहराबाहेर एक आवार करा आणि तिथे मांडा.

भायखळेकर:
अजिबात पटलं नाही. या बागेत देणग्या पहिल्यापासून आहेत. आत शिरताच दिसणारा घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससून यांच्या पैशातून उभा राहिला. १८७२ साली उघडलेल्या संग्रहालयासाठी नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी लाड यांनी लोकांकडून निधी जमवला. झाडं, मनोरा, संग्रहालय हे सगळं एकाच काळातलं, एकाच शहराचं. त्यातून एक भाग उपटून काढला तर उरलेल्याचाही अर्थ जातो.

झाडपाला:
मनोरा आणि संग्रहालय इथेच जन्मले, ते राहू देत. पुतळे तर दुसरीकडून आणून टाकलेत! एडवर्डचा घोडा अल्बर्ट ससूनने दिला तो फोर्टमधल्या चौकासाठी. त्या भागाला लोक अजून काळा घोडा म्हणतात आणि २०१७ मध्ये तिथे स्वाराविना नवा घोडाही बसला. मग जुन्याचं इथे काय काम?

इतिहासवेडी:
व्हिक्टोरियाचा पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिला. देशी संस्थानिकाने परक्या राणीसाठी संगमरवर घडवून घ्यावा, आणि १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासून चपलांचा हार घालावा. निष्ठा आणि संताप दोन्ही एकाच दगडावर उमटले आहेत. असा पुतळा नजरेआड करणं मला मान्य नाही. पण आज तिथून जाणाऱ्या शाळेतल्या मुलाला यातलं काय कळतं? प्रत्येक पुतळ्याशेजारी मराठीत ठसठशीत फलक हवा. कोणी दिला, कुठे होता, लोकांनी त्याचं काय केलं, एवढं तरी. हे काम या वादाआधी व्हायला हवं होतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रायगडकर:
तुम्ही सगळे पुतळ्यांवर बोलताय आणि हत्ती विसरताय. संग्रहालयाच्या बाहेर उभा असलेला दगडी हत्ती घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला निघाले, उचलताना तो पडून फुटला, आणि तुकडे इथे आले. १९१४ मध्ये ते जोडले. ही कुणाची देणगी नव्हे. तो आमच्या बेटाचा आहे, परत पाठवा. लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, तरी ज्याच्यावरून बेटाचं नाव पडलं तोच तिथे नाही.

भायखळेकर:
तुमची भावना समजते, पण जोडलेल्या तुकड्यांचा हत्ती पुन्हा बोटीवर चढवायचा? एकदा उचलताना काय झालं ते तुम्हीच लिहिलंय.

रायगडकर:
तेव्हाची यारी आणि आजची यंत्रं सारखी नाहीत. संग्रहालयाची इमारत २००३ ते २००८ मध्ये इतक्या निगुतीने दुरुस्त केली, तसेच हात हत्तीला लावा.

मुळं_आणि_माती:
मी झाडांच्याच बाजूचा, पण झाडपाला, तुमचा रोख चुकीच्या जागी आहे. पुतळ्याच्या चौथऱ्याखाली जाते ती जमीन किती? मुळांचा श्वास कोंडतो तो बुंध्यापर्यंत घातलेल्या फरसबंदीने आणि नव्या बांधकामांनी. २००७ च्या सुमारास मोठा पुनर्विकास आराखडा आला तेव्हा नागरिक उभे राहिले, आणि बागेला असलेला वारसा दर्जा हा त्यांच्या हातातला आधार होता. जुन्या वास्तू आणि जुनी झाडं एकमेकांना राखतात. वास्तूंची अडगळ म्हणायला लागलो की उद्या गोरखचिंचेलाही अडगळ म्हणणारा भेटेल.

झाडपाला:
फरसबंदीबद्दल शंभर टक्के सहमत. पुतळ्यांबद्दल नाही. फलक लावायचेच तर आधी झाडांना लावा, कैलासपती आणि उर्वशीसमोर लोक नाव न कळता पुढे जातात. आणि यापुढे कुणाच्याही नावाची कमान, कारंजं वा चौथरा बागेत घेऊ नये, एवढं तरी सगळ्यांनी मिळून पालिकेला लिहूया.

इतिहासवेडी:
या पत्रावर माझी सही. पुतळे हलवण्याच्या पत्रावर मात्र नाही.