वर घर, खाली वर्कशॉप: ऑल-इन-वन बॅटरी सिस्टीम घ्यावी की सुटे पार्ट?

छतावरचं_ऊन:
नमस्कार मंडळी, वर घर आणि खाली छोटं वर्कशॉप आहे, छतावर ग्रिड-टाय (वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं) सोलर आधीच बसवलेलं आहे, बॅटरी नाही. आता इन्व्हर्टर, बॅटरी, बीएमएस (बॅटरीच्या सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) आणि ॲप सगळं एकाच कॅबिनेटमधे येतं तसली सिस्टीम बघतोय, 10 केडब्ल्यूएचची म्हणजे 10 युनिटची. सगळ्यात खटकणारी गोष्ट ही की भर उन्हात लाईट गेली तरी सोलर पण बंद पडतं. बॅटरी घेतली की हे थांबेल ना? आणि खाली थ्री फेज कंप्रेसर आहे तो चालेल का? शिवाय सगळे 'स्मार्ट स्मार्ट' म्हणतात त्यात नक्की काय मिळतं, की नुसतं ॲपवर आलेख बघायचे?

फेज_न्यूट्रल:
सोलर बंद पडतं ते मुद्दाम तसं केलेलं असतं, त्याला अँटी-आयलंडिंग म्हणतात, लाईनवर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून. आयईईई 1547 या मानकानुसार 2 सेकंदांच्या आत इन्व्हर्टरने ग्रिडला वीज देणं बंद करायला लागतं. बॅटरी आली म्हणून हे आपोआप सुटत नाही हं, सिस्टीममधे ग्रिडपासून घर तोडणारा स्विच पाहिजे आणि इन्व्हर्टर ग्रिड-फॉर्मिंग पाहिजे, म्हणजे स्वतः व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी उभी करणारा. मग तुमच्या जुन्या सोलर इन्व्हर्टरला वाटतं ग्रिड आहे आणि तो चालू राहतो. बॅटरी भरली की बॅटरीवाला इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी थोडी वर नेतो, ते बघून सोलरवाला हात आखडता घेतो. पण जुना इन्व्हर्टर याला प्रतिसाद देतो का ते आधी विचारा, आणि सोलर इन्व्हर्टर बॅटरी इन्व्हर्टरपेक्षा मोठा नसलेला बरा.

आता कंप्रेसर. लोक केडब्ल्यूएच (एकूण साठा) बघतात आणि केडब्ल्यू (एका वेळी मिळणारी ताकद) बघतच नाहीत. 10 केडब्ल्यूएचची बॅटरी 0.5 सी ची (म्हणजे साठ्याच्या निम्म्या ताकदीने वीज देणारी) असेल तर एका वेळी 5 केडब्ल्यूच देणार, आत कितीही साठा असो. डायरेक्ट ऑनलाईन (थेट पूर्ण व्होल्टेजवर) सुरू होणारी मोटर सुरुवातीला 5 ते 7 पट करंट ओढते, तेवढ्यात इन्व्हर्टर ट्रिप होतो आणि सगळं घर अंधारात. आणि थ्री फेज मोटर सिंगल फेज इन्व्हर्टरवर सरळ चालतच नाही, एकतर थ्री फेज सिस्टीम घ्या नाहीतर सिंगल फेज इनपुटवाला व्हीएफडी (मोटरचा वेग हळूहळू वाढवणारा ड्राइव्ह) लावा, त्याने सुरुवातीचा झटका पण जातो.

ओहमचा_नियम:
मी सुट्या पार्टांच्या बाजूचा. कॅबिनेट दिसायला छान, पण बॅटरीचं आणि इन्व्हर्टरचं आयुष्य वेगवेगळं असतं. इन्व्हर्टरमधले पंखे, कपॅसिटर आधी थकतात, आणि सगळं एकत्र असलं की एका बोर्डासाठी अख्खी सिस्टीम बंद ठेवून त्याच कंपनीची वाट बघायची. पाच-सहा वर्षांनी बॅटरी वाढवायची म्हटली तर तेच मॉडेल मिळेल का? बाजार एकत्रीकरणाकडेच चाललाय हे खरं, 2015 च्या पहिल्या टेस्ला पॉवरवॉलला बाहेरचा इन्व्हर्टर लागायचा, पुढच्या पिढीत बॅटरीचा इन्व्हर्टर आत आला, पॉवरवॉल 3 मधे तर सोलरचा पण आतच. तरी जिथे धंदा अवलंबून आहे तिथे बदलता येणारे भाग मला जास्त मोलाचे वाटतात.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे सिस्टीम स्वतः खाते ती वीज. स्टँडबायला 60 वॉट लागत असले तर दिवसाला 1.44 युनिट, 10 युनिटच्या बॅटरीत हे फार झालं. डेटाशीटमधे शोधा, आणि नसेल तर लेखी मागा.

सेल_बॅलन्स:
@ओहमचा_नियम, दुरुस्तीचं पटतंय, पण सुट्या पार्टांत सगळ्यात जास्त भांडण होतं ते बीएमएस आणि इन्व्हर्टरच्या बोलण्यात. कॅन बसवर (दोघांना जोडणाऱ्या डेटा लाईनवर) प्रोटोकॉल जुळला नाही की इन्व्हर्टर नुसत्या व्होल्टेजवरून अंदाज करतो, आणि एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात 3.2-3.3 व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे 40 टक्के काय आणि 70 टक्के काय, कळतच नाही. मग ॲपवर 30 टक्के दिसत असताना अचानक कट-ऑफ. म्हणून अधूनमधून पूर्ण 100 टक्के चार्ज होऊ द्यावा, त्याने मोजणी जागेवर येते आणि सेल बॅलन्स होतात. ज्याला या सेटिंगमधे पडायचं नाही त्याने बिनधास्त ऑल-इन-वन घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

रसायन मात्र एलएफपीच घ्या, एनएमसीपेक्षा (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाल्या लिथियम बॅटरीपेक्षा) जड आणि मोठं, पण भिंतीला लावायच्या वस्तूला वजनाचं काय, आणि तापून बिघडायचं तापमान बरंच वर. तरी झोपायच्या खोलीत किंवा बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर लावू नका. शून्य अंशाखाली चार्ज केलं तर लिथियम धातू साचून सेल कायमचे खराब होतात, आणि सततच्या उष्णतेने आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे पत्र्याखालची तापणारी जागा नकोच. सर्टिफिकेट बघताना फक्त सेलचं दाखवतात, तुम्ही आयईसी 62619 हे सुरक्षेचं मानक नुसत्या सेलला मिळालंय की अख्ख्या बॅटरीला ते बघा आणि यूएल 9540ए चाचणीचा रिपोर्ट मागा, आग एका सेलकडून पुढे पसरते का ते त्यात तपासलेलं असतं.

छतावरचं_ऊन:
खूप आभार, एवढं कोणी विक्रेत्याने सांगितलं नव्हतं. 10 वर्षांची वॉरंटी म्हणतात, ती पुरेशी धरायची का? आणि वर्कशॉपच्या बिलात डिमांड चार्ज (एका वेळच्या जास्तीत जास्त लोडवरचा आकार) लागतो, त्यात फरक पडेल?

फेज_न्यूट्रल:
वॉरंटीत वर्षांबरोबर थ्रूपुट (बॅटरीतून एकूण किती युनिट काढता येतील ते) बघा. 10 युनिटची बॅटरी रोज एकदा पूर्ण वापरली तर 10 वर्षांत 36,500 युनिट होतात, आणि कागदावर 30,000 ची मर्यादा असेल तर वॉरंटी आठ वर्षांच्या आसपासच संपली. शेवटी किती टक्के क्षमता उरेल तेही लिहिलेलं असतं, 60 आणि 70 मधे मोठा फरक आहे.

डिमांड चार्जमधे खरा 'स्मार्ट'पणा कामाला येतो. तिथे लोडची 15 किंवा 30 मिनिटांची सरासरी मोजतात आणि महिन्यातला सगळ्यात उंच टप्पा धरतात, म्हणजे सगळी यंत्रं एकदाच चालली तो एक अर्धा तास महिनाभर भोवतो. कंट्रोलर सीटी क्लॅम्पवरून (वायरीला अडकवलेल्या, करंट मोजणाऱ्या सेन्सरवरून) लोड बघत असतो आणि मर्यादा ओलांडायच्या आत बॅटरीतली वीज सोडतो. पण त्यासाठी बॅटरीत त्या वेळी चार्ज शिल्लक हवा, आणि लाईट गेल्यावर घरासाठी पण हवा, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, म्हणून बॅकअपचा राखीव साठा वेगळा ठरवता येतो का ते विचारा. इंटरनेट गेलं तरी हे सगळं जागेवर चालायला हवं, क्लाउडवरच अवलंबून असलेली सिस्टीम मी घेणार नाही, मॉडबस (बाहेरच्या उपकरणाशी बोलायचा प्रोटोकॉल) उघडा असेल तर उत्तम. आणि क्लॅम्पची दिशा बसवल्या दिवशीच तपासून घ्या, उलटा बसला की सिस्टीमला घेणं म्हणजे देणं वाटतं आणि सोडायच्या वेळी ती चार्ज करत बसते.

कोटेशन मागवायच्या आधी मीटरचा दर 15 मिनिटांचा डेटा दोन-तीन महिन्यांचा काढा आणि इथे टाका, वर्कशॉपचा आणि घराचा वेगळा मिळाला तर आणखी चांगलं, आकडे बघून 10 पुरे की नाही ते सांगतो.