मदत हवी आहे : जुन्या मारुती ८००च्या पत्र्यावरील गंज

नमस्कार. माझी १९९८ सालची मारुती ८०० मुरगावला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उघड्यावरच उभी असते. खाऱ्या हवेमुळे दरवाजांच्या खालच्या कडांना गंज चढला असून, चालकाच्या बाजूचा फुगलेला रंग स्क्रू-ड्रायव्हरने टोकरताच पापुद्रा सुटला आणि नखाएवढे आरपार भोक दिसले. दरवाजातील पाणी निचऱ्याची छिद्रे मातीने बुजली होती, ती मोकळी केली आहेत.

जवळच्या डेंटरच्या मते पुट्टी भरून वर रंग मारला की काम झाले. मला हे मुळीच पटत नाही, कारण पुट्टी ओल धरते आणि गंज आतून पसरतच राहतो. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणेच योग्य वाटते. मात्र जेथे गंज केवळ वरवरचा आहे, तेथे पॉलिश पेपरने घासून फॉस्फरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण लावल्यास पुरेसे होईल का, आणि इपॉक्सी प्रायमर मारण्यापूर्वी ते पाण्याने धुऊन काढावे लागते का? तसेच वेल्डिंगनंतर पोकळ भागात आतून मेण फवारून देणारा कारागीर मडगाव किंवा फोंडा परिसरात कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे. पाऊस सुरू होण्याआधी हे काम उरकायचे आहे.