पोखराचा नवा विमानतळ उघडायची घाई झाली का?

डोंगरवाट: नेपाळमधल्या पोखराचा जुना विमानतळ भर वस्तीत, रनवे दीड किलोमीटरपेक्षाही आखूड, तो बदलायलाच हवा होता. पण १ जानेवारी २०२३ ला अडीच किमी रनवेचा नवा सुरू केला तेव्हा आयएलएस, म्हणजे रेडिओ संकेतांनी विमानाला रनवेवर उतरायला मदत करणारी यंत्रणा, चालू नव्हती, आणि १५ तारखेला काठमांडूहून आलेलं यती एअरलाइन्सचं एटीआर ७२ विमान उतरता उतरता सेती नदीच्या दरीत कोसळलं, ७२ च्या ७२ माणसं गेली. थोडं थांबले असते तर काय बिघडलं असतं?

यंत्रवेडा: अहो, चौकशी अहवाल काय म्हणतो बघा. फ्लॅपचा, म्हणजे पंखामागच्या झडपांचा लिव्हर हलवायचा त्याऐवजी शेजारचे दोन्ही कंडिशन लिव्हर, म्हणजे प्रोपेलर आणि इंधन सांभाळणारे, मागे ओढले गेले, दोन्ही प्रोपेलर फेदर झाले, म्हणजे पाती हवेला कडेने सामोरी गेली, इंजिनं चालू पण विमानाला ओढ नाही आणि खाली उंचीही उरली नव्हती. हे कुठल्याही विमानतळावर झालं असतं. आणि हवा स्वच्छ होती हो, रनवे डोळ्यांना दिसत होता, आयएलएस असती तरी काय फरक पडला असता?

डोंगरवाट: आयएलएसचं मान्य. पण तोच अहवाल पुढे वाचा ना. आधी रनवेच्या ३० नंबरच्या टोकाकडून उतरायचं ठरलं होतं, मग वैमानिकांनी उलट बाजूचं १२ नंबरचं टोक मागून घेतलं. त्या बाजूने यायचं तर डोंगर जवळ, वळसा फार आखडता, अप्रोच, म्हणजे रनवेकडे यायची शेवटची उतरण, स्थिर व्हायला वेळच नाही. या वळशाचे धोके आधी कोणी नीट तपासले नव्हते, सिम्युलेटरवर सरावही नाही, आणि कॅप्टन त्याच फेरीत सोबतच्या वैमानिकाला नव्या विमानतळाची ओळख करून देत होते. एवढा ताण डोक्यावर असताना हात चुकीच्या लिव्हरवर जातो.

भटक्या: मग जुन्या रनवेवरच अजून वर्षभर लोकांना उतरवायचं का? चीनच्या एक्झिम बँकेचं २० कोटी डॉलरच्या वर कर्ज घेऊन बांधलाय, रिकामा ठेवून कसं चालेल.

डोंगरवाट: वर्षभर कोण म्हणतंय! उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे अप्रोच विमान नेऊन तपासा, वैमानिक तयार करा, एवढंच. कर्जाचा हप्ता हे कारण प्रवाशांच्या जिवापुढे मी तरी मानणार नाही.

यंत्रवेडा: सरावाचा मुद्दा पटला. तरी दोष विमानतळाला नको, देखरेखीला द्या. युरोपने २०१३ पासून नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना बंदी घातलीय. नेपाळचं नागरी उड्डाण प्राधिकरण विमानतळ चालवतं आणि कंपन्यांवर लक्षही तेच ठेवतं, ती दोन कामं आधी वेगळी करायला हवीत.