री-एंट्री परमिट काढणं कंपनीचं काम की आपलं?

धंतोलीकर
मत आधी सांगतो, मग शिव्या घाला. परदेशात नोकरी करणाऱ्याने व्हिसाची कागदं एचआरच्या भरवशावर सोडली, तर दोष एचआरचा नाही, त्याचा स्वतःचा. माझा होता.

बँकॉकला होतो. नॉन-इमिग्रंट बी व्हिसावर आधी 90 दिवस मिळतात, मग तिथल्या इमिग्रेशनकडून वर्षाची मुदतवाढ. माझी पुढच्या मेपर्यंत होती. ऑगस्टमध्ये रात्री घरून फोन, बाबांना ॲडमिट केलंय. कंपनीच्या एजंटला मेसेज टाकला, "इंडियाला जातोय, काही करावं लागतं का?" दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. निघालो.

बाराव्या दिवशी परत बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरलो. अधिकाऱ्याने पासपोर्ट दोनदा मागेपुढे चाळला, मुदतवाढीच्या शिक्क्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, न काढता देश सोडला की उरलेली मुदत तिथेच रद्द. तारीख मेची, शिक्का मेलेला! तेव्हा भारतीयांना 60 दिवस व्हिसाशिवाय प्रवेश होता म्हणून आत तरी सोडलं, पण त्या शिक्क्यावर नोकरी करता येत नाही. नवा व्हिसा, वर्क परमिटची पुन्हा फेरी, सहा आठवडे बिनपगारी. आणि परमिट केवढ्याचं? एका खेपेला 1000 बाट, टीएम 8 फॉर्म, एक फोटो. काउंटर विमानतळावरच असतो. जाताना मी त्याच्यासमोरूनच गेलो असणार.

मिहानवाली
अजिबात पटलं नाही. मी गेली नऊ वर्षं एचआरमध्ये आहे, म्हणून आमच्याच जातीविरुद्ध बोलते. तुम्हाला नोकरीवर आणलं कंपनीने, वर्क परमिटवर नाव कंपनीचं, एजंटला पैसे कंपनीचे. आणि वडील आयसीयूत असताना टीएम 8 आठवला नाही म्हणून दोष तुमचा? त्या एजंटने दोन ओळी लिहायला हव्या होत्या. आमच्याकडे नियम साधा आहे: परदेशातल्या माणसाने रजा टाकली की पहिला प्रश्न "परत कशावर येणार?" उत्तर आल्याशिवाय तिकीट नाही.

हिंगण्याचा वेल्डर
दादा, ताई, तुम्ही दोघंही ऑफिसातले. माझं ऐका. सौदीत अकरा वर्षं काढली. पूर्वी खुरूज-औदा, म्हणजे बाहेर जाऊन परत यायचा परवाना, कफिलच्या, म्हणजे आपल्याला तिथे आणणाऱ्या मालकाच्या, मर्जीवर. 2016 मध्ये बहिणीचं लग्न होतं. शटडाऊनचं, म्हणजे प्लँट बंद ठेवून करायचं दुरुस्तीचं, काम संपल्यावर जा, म्हणाले. काम संपलं, लग्नही उरकलं. मी व्हिडिओत पाहिलं, कॅम्पच्या जिन्यात बसून, कारण नेटवर्क तिथेच येत होतं.

14 मार्च 2021 पासून बहुतेक कामगारांना मालकाला न विचारता हा परवाना स्वतः मागता येतो. अबशेर या सौदी सरकारच्या ॲपवरून. दोन महिन्यांचे 200 रियाल, पुढे दर महिन्याला 100. कायदा चांगला झाला. पण अर्ध्या पोरांच्या अबशेरचा पासवर्ड कंपनीच्या मंदूबकडेच, म्हणजे सरकारी कागदं करणाऱ्या माणसाकडे! पोरांनीच दिलेला, "आपल्याला अरबी येत नाही, तू पाहून घे." आता दोष कोणाचा ते तुम्हीच सांगा. मला दोन्हीकडचं दिसते.

तर्रीबाज
काऊन एवढं टेन्शन घेता बाप्पा! जपानमध्ये पैसेच नाही लागत. 2012 पासून वर्षाच्या आत परत यायचं असलं तर निघताना इमिग्रेशनच्या कार्डावर एका चौकटीत खूण करायची, बस. आमच्या रूमवाल्याने तीही नाही केली. घाईत होता म्हणे. ड्यूटी फ्रीत अर्धा तास घालवायला मात्र वेळ होता. आता काय कंपनी विमानतळावर पेन घेऊन उभी राहणार का बे?

मिहानवाली
पेन नको, एक मेल पुरे. आणि "सगळं स्वतः करा" हे ऐकायला छान, पण अमेरिकेच्या एच-1बी वर्क व्हिसाची पिटिशन, म्हणजे मूळ अर्ज, कर्मचाऱ्याला भरताच येत नाही, ती मालकानेच भरायची. पासपोर्टवरचा व्हिसा स्टँप तेवढा आपला. त्यातही सप्टेंबर 2025 पासून बहुतेकांचं मुलाखतीशिवायचं नूतनीकरण बंद. डिसेंबरमध्ये सोशल मीडिया तपासणी सुरू झाली आणि भारतातल्या कितीतरी मुलाखती महिनोन् महिने पुढे ढकलल्या. आमचा एक जण दिवाळीनंतर चार आठवड्यांसाठी नागपूरला आला तो अडकलाच. त्याने कागद नीट ठेवले होते, आम्हीही. बायको आणि मुलगी तिकडे, गाडीचे हप्ते तिकडे, हा इथे आईच्या हातचं खात रात्रीचा त्यांच्या वेळेने काम करतोय. त्याला सांगा की स्वतःची जबाबदारी स्वतः घे.

धंतोलीकर
ताई, त्याच्याबद्दल काही म्हणायला जागा नाही, मान्य. एजंट चुकला, तेही मान्य. पण दंड कोणी भरला? एजंटला दुसऱ्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक होतं. माझे दीड पगार गेले. कायद्याने जबाबदारी कोणाचीही असो, इमिग्रेशनच्या खिडकीसमोर पासपोर्ट माझ्याच हातात असतो. मंदूबला पासवर्ड देणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही. मला द्या, मला इंग्रजी येत होतं आणि गुगलही.

हिंगण्याचा वेल्डर
हे बरोबर बोललात. मी आता जाणाऱ्या पोरांना एवढंच सांगतो, सिमकार्ड स्वतःच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी ओळखपत्रावर, घे, कारण अबशेरचा ओटीपी त्या सिमवरच येतो. दहावी नापास असला तर जाण्याआधी आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरची मंजुरी बघ. बाकी मग शिकतात.

कामठी रोड
मधेच विचारतो. मी बँकॉकलाच आहे, मुदतवाढ ऑक्टोबरपर्यंत. जूनमध्ये बहिणीचं लग्न. एका खेपेचं काढू की 3800 बाटचं, कितीही खेपांचं?

धंतोलीकर
ऑक्टोबरच्या आत चार खेपा होणार असतील तरच 3800 परवडतं. आणि लक्षात ठेव, परमिटने मुदत वाढत नाही, ऑक्टोबर तो ऑक्टोबरच.

तर्रीबाज
साखरपुडा, हळद, लग्न, मांडवपरतणी. झाल्या न चार. काढून टाक भौ.