२०१८ च्या ड्राफ्टमध्ये ब्राउन्सने पहिल्या क्रमांकावर कोणता क्वार्टरबॅक घ्यायला हवा होता?

लक्ष्मीनगरकर:
नमस्कार. अमेरिकन फुटबॉल नियमित पाहणाऱ्या नागपुरातील आम्हा काही मित्रांनी या उन्हाळ्यात एक उपक्रम हाती घेतला आहे. एक जुना ड्राफ्ट (एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ ठरलेल्या क्रमाने महाविद्यालयीन खेळाडू घेतात तो कार्यक्रम; या निवडींची संघ आपापसांत देवाणघेवाणही करतात) निवडायचा, प्रत्येकाने एका संघाची जबाबदारी घ्यायची आणि त्या दिवशी जेवढी माहिती उपलब्ध होती तेवढ्याच आधारावर खेळाडू घ्यायचे. माझ्या वाट्याला २०१८ चा क्लीव्हलँड ब्राउन्स आला आहे. २०१६ मध्ये एकच सामना जिंकलेला आणि २०१७ मध्ये सोळाही सामने हरलेला हा संघ. त्याच्याकडे पहिली आणि चौथी अशा दोन निवडी आहेत आणि मार्चमध्येच टायरॉड टेलर हा अनुभवी क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, घेतलेला असल्यामुळे नवख्या खेळाडूला पहिल्याच दिवशी मैदानात उतरवण्याची सक्ती नाही.

बेकर मेफील्डने २०१७ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाकडून ७०.५ टक्के पास पूर्ण केले, ४३ टचडाउन (गुण मिळवून देणारे) पास दिले, केवळ ६ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास) होऊ दिली आणि सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइजमन करंडकही मिळवला. मात्र त्याची उंची जेमतेम सहा फूट आहे. सॅम डार्नल्ड त्या वेळी अवघा वीस वर्षांचा होता, पण त्याच मोसमात त्याची १३ इंटरसेप्शन झाली. जॉश रोझेनची फेक सर्वांत शास्त्रशुद्ध मानली जाते. सहा फूट पाच इंच उंचीच्या जॉश ॲलनच्या हातात सर्वांपेक्षा अधिक ताकद आहे, परंतु वायोमिंगकडून त्याचे जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण झाले. लमार जॅक्सन २०१६ चा हाइजमन विजेता आहे. माझा कल मेफील्डकडे आहे, तरी आपली मते कारणांसह कळवावीत.

कोराडी रोड:
माझे मत ॲलनच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण आपल्याच परिसरातले आहे. खापरखेड्याजवळच्या वलनी येथील खाण कामगारांच्या वसाहतीत वाढलेला उमेश यादव लेदरच्या चेंडूने फार उशिरा खेळू लागला. तेव्हा त्याच्याकडे टप्पा नव्हता, दिशा नव्हती, होता तो केवळ वेग. ज्यांनी त्याला संधी दिली त्यांनी हेच ओळखले की टप्पा शिकवता येतो, वेग शिकवता येत नाही. २००८ मध्ये त्याने रणजी पदार्पण केले आणि २०११ मध्ये तो भारताकडून कसोटी खेळला. ॲलनचा हात तशाच जातीचा आहे. बफेलोने त्याला सातव्या क्रमांकावर घेतले. पहिल्या मोसमात त्याचे ५२.८ टक्के पास पूर्ण झाले, दुसऱ्यात ५८.८ आणि तिसऱ्यात ६९.२. धीर धरणाऱ्या संघाला त्याचे फळ मिळाले.

धंतोली वाचक:
कोराडी रोड भाऊ, तुलना मनापासून आवडली, पण ६९.२ हा आकडा २०२० चा आहे आणि प्रश्नकर्त्यांच्या नियमानुसार तो पुरावा म्हणून मांडता येणार नाही. एप्रिल २०१८ मध्ये समोर होते ते असे की ओरेगनसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध ॲलनने २४ पैकी ९ पास पूर्ण करून केवळ ६४ यार्ड मिळवले होते. वायोमिंगचे रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) दुबळे होते हे मान्य केले तरी त्या सामन्यातली चुकलेली सगळीच फेक त्यांच्या माथी मारता येत नाही. शिवाय वेगवान गोलंदाजाला एक खराब षटक पचवता येते. त्याच्या बाजूला दुसरा गोलंदाज असतो, कर्णधार त्याला विश्रांती देतो. क्वार्टरबॅकला अशी सवलत नसते. संघाचे जवळजवळ प्रत्येक आक्रमण त्याच्याच हातातून सुरू होते.

बफेलोत ॲलनची प्रगती झाली ती आक्रमणाची सूत्रे सलग काही वर्षे प्रशिक्षक ब्रायन डेबॉल यांच्याकडे राहिली आणि २०२० मध्ये स्टीफॉन डिग्ज हा रिसीव्हर आला, त्यानंतर. ब्राउन्सने ह्यू जॅक्सन यांना ३२ सामन्यांत एका विजयानंतरही प्रशिक्षकपदी ठेवले होते, हे तर त्या दिवशीही सर्वांना ठाऊक होते. इतक्या अस्थिर ठिकाणी सर्वाधिक घडवणूक लागणारा खेळाडू देणे मला धोक्याचे वाटते. म्हणूनच मेफील्ड.

सदर कट्टा:
लमारचे नाव प्रश्नात केवळ एका वाक्यात आले, याचे मला वाईट वाटले. २०१७ मध्ये लुइव्हिलकडून त्याने १,६०१ यार्ड धावून काढले, म्हणून त्याच्या फेकीकडे लक्ष न देता त्याला रिसीव्हर व्हायला सांगणारी जाणकार मंडळी त्या वेळी होती. त्याचे ५९ टक्के पास पूर्ण झाले होते, म्हणजे ॲलनपेक्षा अधिक. तरीही एकाच्या बाबतीत ताकदीचे कौतुक झाले आणि दुसऱ्याच्या बाबतीत जागा बदलण्याचा सल्ला दिला गेला. हा अन्याय होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता निवडीच्या क्रमाकडे पाहू. तिसरा क्रमांक जेट्स या संघाकडे होता आणि तिथवर पोहोचण्यासाठी त्यांनी मार्चमध्येच सहाव्या क्रमांकासोबत दुसऱ्या फेरीच्या तीन निवडी कोल्ट्सला दिल्या होत्या. एवढी किंमत मोजणारा संघ क्वार्टरबॅकच घेणार हे उघड होते, त्यामुळे आपला पसंतीचा खेळाडू चौथ्या क्रमांकापर्यंत उरेल या भरवशावर राहणे योग्य नव्हते. मेफील्ड हवा असेल तर तो पहिल्याच क्रमांकावर घ्यावा लागतो. पण ब्राउन्सकडे ३३ आणि ३५ या निवडीसुद्धा होत्या, आणि लमार ३२ व्या क्रमांकावर बॉल्टिमोरला गेला. पहिल्या फेरीच्या अखेरीस तो शिल्लक आहे हे दिसल्यावर या दोन निवडींच्या बळावर थोडे वर सरकता आले असते.

एकाच ड्राफ्टमध्ये दोन क्वार्टरबॅक घेणे विचित्र वाटेल, परंतु वॉशिंग्टनने २०१२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर रॉबर्ट ग्रिफिन घेऊन चौथ्या फेरीत कर्क कझिन्सही घेतला होता, आणि पुढे तोच त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक झाला. हे उदाहरण २०१८ पूर्वीचे असल्यामुळे आपल्या नियमातही बसते.

लक्ष्मीनगरकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या क्रमांकावर मेफील्ड आणि चौथ्यावर ओहायो स्टेटचा कॉर्नरबॅक (बचावातील खेळाडू) डेन्झेल वॉर्ड अशी नावे मी लिहीत आहे. लमारबाबत सदर कट्टा यांचा मुद्दा पटला, फक्त एक अडचण उरते. टेलर, मेफील्ड आणि लमार या तिघांत सरावाचा वेळ विभागला, तर दोन्ही नवख्यांची वाढ खुंटण्याची शक्यता आहे.  मेफील्डसाठी आखलेले आक्रमण लमारला जसेच्या तसे वापरता येणार नाही.

सदर कट्टा:
मग टेलरला ठेवूच नका. त्याच्या बदल्यात ब्राउन्सने तिसऱ्या फेरीची निवड दिली होती. तो व्यवहार झालाच नाही असे धरण्याची मुभा आपल्या मित्रांनी दिली, तर ती निवडही वर सरकण्यासाठी हाताशी राहील. लमारसाठी वेगळ्या आखणीचे मोजके डाव पहिल्या वर्षी पुरेसे आहेत. ३३ वी आणि ही तिसऱ्या फेरीची निवड देऊन ३० व्या क्रमांकाच्या आतबाहेर पोहोचण्याचा प्रस्ताव मित्रांसमोर ठेवून पाहा.